समजतं सगळं, पण बोलत नाही

घरात एक भाषा आणि बाहेर दुसरी, अशा घरांतल्या लहान मुलांबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. बऱ्याच पत्रांत एकच वाक्य होतं, तेच वर शीर्षकात दिलंय. मी बालवाडीत शिकवते, माझ्या वर्गात अशी मुलं दरवर्षी असतात, आणि माझी स्वतःची दोन्ही मुलंसुद्धा अशीच दोन भाषांत वाढली, त्यामुळे जे वाचलंय आणि जे डोळ्यांनी पाहिलंय ते दोन्ही मिळून सांगते.

प्रश्न: मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. बालवाडीत जाईपर्यंत छान मराठी बोलायचा. आता आठ महिने झाले, मी मराठीत विचारते आणि तो शाळेच्या भाषेत उत्तर देतो. ‘मराठीत बोल’ म्हटलं की तोंड फिरवतो. समजतं सगळं. ओरडू की दुर्लक्ष करू?

उत्तर: ओरडू तर अजिबात नका, आणि दुर्लक्षही नको. आधी तो असं का करतोय ते बघा ना. दिवसातले पाच-सहा तास तो जिथे असतो तिथे खेळ त्या भाषेत, भांडण त्या भाषेत, शाबासकी पण त्याच भाषेत. घरी आल्यावर त्याला जे सांगायचंय ते सगळं तिकडे घडलंय, आणि ज्या भाषेत घडलं त्याच भाषेत ते तोंडात येतं. त्यात आईला दोन्ही भाषा येतात हे त्याला पक्कं माहितीये. मुलं फार व्यवहारी असतात, एका भाषेत काम होतंय म्हटल्यावर जास्तीचे कष्ट कशाला घेतील?

एलिझाबेथ लान्झा नावाच्या भाषाशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी नॉर्वेत इंग्रजी आणि नॉर्वेजियन दोन्हीत वाढणाऱ्या अगदी दोन वर्षांच्या मुलांचं आईबाबांशी चाललेलं बोलणं बारकाईने तपासलं, १९९७ साली त्यावर त्यांचं पुस्तक आलं. मूल ‘दुसऱ्या’ भाषेत बोललं की मोठी माणसं काय काय करतात? काही जण समजलंच नाही असं दाखवतात, काही अंदाजाने आपल्या भाषेत विचारतात, काही तेच वाक्य आपल्या भाषेत म्हणून दाखवतात, काही तसेच पुढे जातात आणि काही स्वतःच भाषा बदलतात. शेवटच्या दोन गोष्टी सारख्या झाल्या की मुलाला कळतं, इथे काहीही चालतं. मला विचाराल तर पहिला प्रकारही नको, कारण चार वर्षांच्या मुलाला माहीत असतं की तुम्हाला समजलंय, मग आई खोटं वागतेय एवढंच त्याला दिसतं. मधले दोन मात्र सोन्यासारखे आहेत.

परवाचंच बघा. वर्गातला एक मुलगा घरी जाताना दारात उभा राहून जॅकेटची चेन ओढत होता आणि रडकुंडीला येऊन आईला शाळेच्या भाषेत सांगत होता की ही वर येत नाही. आई खाली बसली. ‘चेन अडकली? वर अडकली की खाली?’ तो म्हणाला, ‘खाली.’ ‘हो गं बाई, खालीच अडकलीये, कापड आलंय मधे. मी धरते, तू ओढ. हळू... निघाली!’ आणि तो पण ओरडला, ‘निघाली!’ अर्ध्या मिनिटात अडकणं, धरणं, ओढणं, निघणं एवढं सगळं हातात चेन असताना झालं, आणि एकदाही ‘मराठीत बोल’ म्हणावं लागलं नाही. ‘वर की खाली’ असं विचारलं ना की उत्तराचा शब्द प्रश्नातच मिळतो, मुलाला तो शोधत बसावा लागत नाही. ‘काय झालं?’ विचारलं असतं तर त्याला अख्खं वाक्य जुळवावं लागलं असतं आणि ते त्याने सोप्या भाषेतच जुळवलं असतं.

तो रडत असेल किंवा फार उत्साहाने काही सांगत असेल तर मधे भाषा आणू नका, पूर्ण ऐकून घ्या आणि मग तुमच्या मराठीत परत सांगा, ‘म्हणजे त्याने तुझी गाडी हिसकावली आणि बाईंनी बघितलंच नाही?’ आता ‘हिसकावणं’ हा शब्द त्याच्याकडे आला, पुढच्या वेळी लागेल तेव्हा वापरेल, आज नाही वापरला तरी चालेल.

आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगते, त्याच्या वयाचं एक तरी मूल शोधा ज्याच्याशी तो मराठीत खेळेल. आठवड्यातून एकदा दोन तास भेटली तरी पुरे. आईची भाषा आणि मित्राची भाषा यात फार फरक असतो हो, आईच्या भाषेत ‘जपून’, ‘हळू’, ‘पुरे आता’ असतं आणि मित्राच्या भाषेत ‘पकड’, ‘माझा नंबर’, ‘चीटिंग केलीस तू’ असतं, आणि मुलाला ते दुसरं हवं असतं.

प्रश्न: मुलगी दोन वर्षं चार महिन्यांची आहे, दोन्ही भाषा मिळून वीसेक शब्द बोलते, शब्द जोडत नाही. आम्हाला सांगितलं गेलं की दोन भाषांनी गोंधळ होतोय, घरची बंद करा. करायची का?

उत्तर: घरची भाषा बंद करू नका. पण मुलीला तपासून मात्र घ्या, आणि लवकर घ्या. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकत्र केल्या की नुकसान होतं.

दोन भाषा ऐकल्यामुळे मूल उशिरा बोलायला लागतं असं नाहीये. एका भाषेतले शब्द मोजले तर दोन भाषांतलं मूल मागे वाटतं, साहजिकच आहे, अर्धे शब्द दुसऱ्या पिशवीत असतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मायामीत बार्बरा पिअरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी-स्पॅनिश बाळांचे दोन्हीकडचे शब्द एकत्र मोजले आणि ती मुलं एकभाषी मुलांच्या मागे नव्हती. तुम्ही दोन्ही मिळून मोजलेत हे फार चांगलं केलंत. पण तसं मोजूनही दोन वर्षं उलटल्यावर वीसच शब्द आणि जोडशब्द नाहीत, म्हणजे ‘आई ये’, ‘पाणी दे’ असं काही नाही, तर थांबू नका. आधी कानांची तपासणी, मग स्पीच थेरपिस्ट. जाताना दोन्ही भाषांतल्या शब्दांची यादी लिहून न्या, अर्धवट उच्चारलेले शब्द पण लिहा. वर्षाचं बाळ काही बडबडत नसेल, बोट दाखवत नसेल, दीड वर्षाला एकही शब्द नसेल किंवा आलेले शब्द जायला लागले असतील तर कुठल्याही घरात, एक भाषा असो की चार, दाखवायचंच.

आणि समजा खरंच भाषेची अडचण निघाली तरी घरची भाषा सोडून ती सुटत नाही. मॉन्ट्रियलमध्ये जोहान पॅराडिस आणि सहकाऱ्यांनी २००३ साली भाषेची अडचण असलेली फ्रेंच-इंग्रजी मुलं तपासली, तर तशीच अडचण असलेल्या एकभाषी मुलांपेक्षा त्यांच्या चुका जास्त नव्हत्या. गोंधळाची ही कल्पना खूप जुनी आहे. १९२३ मध्ये वेल्समधल्या शाळांच्या एका पाहणीत खेड्यातली द्विभाषी मुलं चाचणीत मागे पडली, शहरातल्या मुलांत तसा फरक नव्हता, पण लोकांच्या लक्षात फक्त पहिलं राहिलं! १९६२ साली मॉन्ट्रियलमध्येच पील आणि लॅम्बर्ट यांनी घरची परिस्थिती सारखी असलेली मुलं घेऊन बघितलं तर द्विभाषी मुलं पुढे होती. शंभर वर्षं झाली तरी तो जुना सल्ला अजून दिला जातोय आणि त्यापायी आया आपल्याच मुलीशी अडखळत, शब्द शोधत बोलतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुलीला तुमची भरभरून भाषा हवी आहे, जिच्यात तुम्ही विचार न करता चिडता, लाड करता, गुणगुणता.

प्रश्न: मुलगा तीन वर्षांचा, मराठी फक्त माझ्याशी बोलतो. ‘मी जाते’, ‘मी पडले’ म्हणतो. नातेवाईक हसतात. कसं सुधारू?

उत्तर: या पत्राने मला माझ्या धाकट्याची आठवण झाली, तोही कितीतरी दिवस ‘मी आले’ करत दारातून यायचा. अहो, त्याने चूक केलेली नाही, त्याने तुमचं तंतोतंत उचललंय. मराठीत ‘मी’ म्हणताना क्रियापदात बाई की पुरुष ते दिसतं, आणि ‘मी’ने सुरू होणारी वाक्यं तो फक्त तुमच्या तोंडून ऐकतो. सगळेच मराठी बोलणाऱ्या घरांतही काही मुलगे थोडे दिवस असं बोलतात, पण तिथे बाबा, आजोबा, काका, शेजारचा दादा असे दहा आवाज असतात, तुमच्याकडे एकच आहे. म्हणजे त्याला व्याकरण शिकवायचं नाहीये, पुरुषांचं मराठी ऐकवायचंय. आजोबांना किंवा मामाला सांगा की फोनवर त्याला प्रश्न विचारण्यापेक्षा स्वतःबद्दल बोला, ‘मी आज लवकर उठलो, मग फिरायला गेलो, चिखलात पाय घसरला, पण पडलो नाही’. खेळताना ससा, वाघ, हत्ती घ्या, ससा म्हणतो मी पळतो, वाघ म्हणतो मी आलोच. तो ‘मी पडले’ म्हणाला की तुम्ही ‘पडलास? कुठे पडलास रे?’ एवढंच म्हणा, त्याला त्यात सापडतं.

हसणाऱ्यांना मात्र बाजूला घेऊन स्पष्ट सांगा. मूल भाषा सोडतं ती पुष्कळदा अशा हसण्यावरून सोडतं, चारचौघांत एकदा हसले की पुढच्या वेळी ते पाहुण्यांसमोर तोंडच उघडत नाही. ‘माझी बूट’, ‘ती पंखा’ वगैरे सध्या सोडून द्या.

प्रश्न: बायकोला मराठी येत नाही. मी एकटाच बोलणारा. मी घरी येतो सातला, मुलगी झोपते आठला. एका तासाने काय होणार? शिवाय मी मराठीत बोललो की बायकोला एकटं पडल्यासारखं होतं.

उत्तर: एक तास कमी आहे हे खरंय, पण तो अख्खा मराठी असेल तर त्याला वजन येतं. ॲनिक द हाउवर यांनी बेल्जियमच्या डच भाषक भागातल्या जवळजवळ १९०० कुटुंबांची माहिती २००७ साली मांडली, घरात कोणीतरी डचशिवाय दुसरी भाषा बोलणारी ही कुटुंबं. आई आणि बाबा दोघंही घरी फक्त ती भाषा बोलत होते तिथे साधारण ९७ टक्के घरांत मुलं ती बोलत होती. एक पालक घरची भाषा आणि दुसरा डच, अशा घरांत सुमारे ७४ टक्के. आणि एक पालक दोन्ही भाषांची सरमिसळ करणारा व दुसरा फक्त डच बोलणारा, तिथे ३६ टक्क्यांच्या आसपास. तुम्ही मधल्या गटात राहायचं की शेवटच्या, हे बरंचसं तुमच्या हातात आहे. ऑफिसातून दमून आल्यावर सोपी भाषा तोंडात येते, मला कल्पना आहे, पण तिथेच धरून ठेवा.

त्या तासात ‘मराठी शिकवू’ नका. एक काम पूर्णपणे तुमचं करून घ्या, समजा आंघोळ. पाणी कोमट आहे का गार, साबण बुळबुळीत, निसटला, टॉवेल खरखरीत, पाय ओला राहिला, नळ टपटप गळतोय, बुडबुडा फुटला. बुळबुळीत, खरखरीत, गुळगुळीत, चिकट हे शब्द पुस्तकातून येत नाहीत, हाताला लागल्यावर येतात. मग झोपताना एक गोष्ट, तीच तीच सांगितली तरी चालते, उलट बरं, चौथ्या दिवशी ती तुमच्या आधी पुढचं वाक्य म्हणेल. सकाळची वीस मिनिटं आणि सुट्टीचा दिवस धरला तर आठवड्याचे बरेच तास होतात.

बायकोचं म्हणणं हलक्यात घेऊ नका. तिला बोलता यायची गरज नाही, समजलं तरी खूप झालं, आणि मुलीबरोबर तीही शिकत जाईल कारण तुम्ही तीच शंभर वाक्यं रोज बोलणार आहात. तिघं एकत्र असताना मुलीला विचारा, ‘बाबा काय म्हणाला ते आईला सांगतेस?’ तीन-चार वर्षांच्या मुलांना हे काम भारी आवडतं, छाती फुगते त्यांची. आणि एखाद्या संध्याकाळी तिघांनी मिळून बायकोच्या भाषेत हसायचं असेल तर हसा की, त्याने काही बिघडत नाही.

प्रश्न: बाळ सहा महिन्यांचं आहे. त्याला काही कळत नाही, आत्तापासून मराठीत बोलून उपयोग आहे का?

उत्तर: खूप! १९८४ मध्ये कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना चक्क आपले त आणि ट ऐकवले, हिंदीतून घेतलेले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळत होता, आणि वर्षाचं होईपर्यंत तो कळेनासा झाला, कारण त्यांच्या आजूबाजूला त्याचं कामच नव्हतं. तुमच्या बाळाला आज त आणि ट वेगळे ऐकू येतायत, ते तसेच राहू द्यायचे असतील तर बोलत राहा. लंगोट बदलताना काय करताय ते सांगा, ते बघेल, हुंकार देईल, थांबा, आणि मग पुढचं बोला.

प्रश्न: नात अडीच वर्षांची, परदेशी असते. व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटांत पळून जाते. मी रोज विचारते, जेवलीस का, शाळेत काय केलंस, काही बोलतच नाही. या फोनने तिला मराठी येईल का हो? – एक आजी

उत्तर: आजी, येईल, पण कॉल थोडा वेगळा करावा लागेल. सिएटलमध्ये पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या बाळांना बारा वेळा चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून बाळं ते ध्वनी शिकली, तेच रेकॉर्ड करून दाखवल्यावर काहीच शिकली नाहीत. मात्र २०१४ च्या दुसऱ्या एका अभ्यासात दोन ते अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवरून नवीन क्रियापदं शिकली, कारण पलीकडचा माणूस त्यांच्याकडे बघून, थांबून, त्यांना प्रतिसाद देत बोलत होता. म्हणजे कार्टून लावून दिल्याने होत नाही ते तुमच्याने होतं.

फक्त प्रश्न बंद करा. ‘काय केलंस’ हा प्रश्न अडीच वर्षांच्या मुलीला फार अवघड आहे. त्यापेक्षा काहीतरी करा. एक बाहुली रुमालाखाली लपवा, ‘कुठे गेली? दिसत नाही! उचलू का?’ आणि ती ‘उचल’ म्हणेपर्यंत थांबा, अगदी दहा आकडे मोजेपर्यंत थांबा. तिच्याकडे पण तसाच एक रुमाल आणि एक बाहुली ठेवायला सुनेला किंवा मुलीला सांगा, म्हणजे दोघी एकदम खेळाल. दोन मिनिटांत पळाली तर पळू दे, परत येईल. रोज साधारण ठरलेल्या वेळी आणि खेळ तोच.

प्रश्न: मुलगी नऊ वर्षांची. चार वर्षांची असताना शाळेच्या सांगण्यावरून आम्ही घरी मराठी बंद केली. आता तिला जेमतेम समजतं. आजी-आजोबांशी बोलता येत नाही. ही चूक आमचीच, पण आता वेळ गेली का?

उत्तर: वेळ गेलेली नाही. आणि ज्यांना मूल शाळेत मागे पडेल अशी भीती घातली जाते ते आईबाप दुसरं काय करणार होते? १९९१ मध्ये लिली वाँग फिल्मोर यांनी अमेरिकेतल्या हजारावर कुटुंबांच्या पाहणीतून हेच दाखवलं की मुलं जितक्या लहानपणी फक्त इंग्रजीच्या वर्गात गेली तितकी घरची भाषा भराभर गेली, आणि पुढे काही घरांत आईबाप आणि वाढती मुलं एकमेकांशी नीट बोलूच शकेनात. तेव्हा हे तुमच्या एकट्याच्या घरात घडलेलं नाही.

आता दिलासा. २०१४ मध्ये मॉन्ट्रियलला काही मुली तपासल्या गेल्या, चीनमध्ये जन्मलेल्या, वर्षाच्या आसपास दत्तक जाऊन पूर्ण फ्रेंच घरात वाढलेल्या. त्यांना चिनी भाषेतलं काही आठवत नव्हतं, पण चिनी सूर ऐकवल्यावर त्यांच्या मेंदूत चिनी बोलणाऱ्या मुलींसारखीच हालचाल दिसली. तुमच्या मुलीने तर चार वर्षं मराठी ऐकलीये, बोललीये.

उद्यापासून एकदम सगळं मराठीत करू नका, तिला शिक्षा वाटेल. आधी तिला खरं सांगा, ‘आम्हाला तेव्हा वाटलं हेच बरोबर, पण ते बरोबर नव्हतं आणि आम्हाला तुझ्याशी मराठीत बोलायची फार आठवण येते.’ नऊ वर्षांच्या मुलीला हे नीट कळतं. मग तुम्ही दोघं आपसात मराठीत बोलायला लागा, तिच्यासमोर, आणि तिच्या फायद्याच्या गोष्टी बोला, सुट्टीत कुठे जायचं, तिला काय सरप्राइज द्यायचं, बघा कान कसे टवकारते. तिच्याशी बोलायला एक जागा ठरवा, गाडीत किंवा रात्री दिवा घालवल्यावर, तिथे तुम्ही मराठीत आणि ती कुठल्याही भाषेत.

आणि या वयात मुलांना गुप्त लिपीचं वेड असतं, त्याचा उपयोग करा. वर्गातल्या कुणालाच वाचता येणार नाही अशी लिपी तुमच्याकडे तयार आहे. तिच्या नावापासून सुरू करा, मग मैत्रिणींची नावं. बाराखडी घोकायला लावू नका, लागेल ते अक्षर लागेल तेव्हा. उशीखाली चिठ्ठी ठेवा, दोन शब्दांची. एका आईने असं सुरू केलं आणि तीन आठवड्यांनी तिला उशीखाली उत्तर मिळालं, ‘ऊद्या मला लवकर ऊटव’. तिने ती चिठ्ठी दुरुस्त केली नाही. खाली लिहिलं, ‘किती वाजता उठवू?’ आणि परत ठेवून दिली.